सुपारी ठरली, वाजवणाऱ्याचं काय?

‘सुपारी’ हा शब्द हल्ली वर्तमानपत्रात बहुधा गुन्हेगारीच्या पानावर भेटतो. आमच्या आसनगाव-शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात मात्र सुपारी म्हटलं, की आधी लग्नघर आठवतं. बँडला, बेंजो पार्टीला किंवा ऑर्केस्ट्राला तारीख ठरवून विसार देणं म्हणजे सुपारी देणं. मुलाचा मामा किंवा मुलीचा काका दोन माणसं बरोबर घेऊन पार्टीच्या मालकाकडे जातो. चहा होतो. हळद कुठे, वरात किती वाजता, मांडव कोणत्या पाड्यावर, टेम्पो कुठपर्यंत जाईल, याची चौकशी होते. मग आकडा निघतो, घासाघीस होते, नोटा मोजल्या जातात आणि मालकाच्या डायरीत एक ओळ पडते. झाला करार!

या करारात तारीख असते, गाव असतं, रक्कम असते. नसतो तो फक्त वाजवणारा. किती जण वाजवणार, किती तास वाजवणार, त्यातल्या प्रत्येकाच्या हाती काय पडणार, यातलं काहीच त्या ओळीत नसतं. आपल्याकडच्या वादकांच्या मजुरीचा सगळा प्रश्न या न लिहिलेल्या भागात दडलेला आहे, असं माझं मत आहे.

मी संगीतातला जाणकार नव्हे. माझी नोकरी बँकेत झाली. आसनगाव ते मुंबई हे ८६ किलोमीटरचं अंतर मी कित्येक वर्षं लोकलनं कापलं. लग्नसराईत पहाटेच्या गाडीला रात्रभर हळद वाजवून वासिंद, खडवली, टिटवाळ्याकडे घरी निघालेली मंडळी हमखास भेटत. डोळे तांबारलेले, अंगावरचा झगमगीत कोट उलटा घडी करून मांडीवर घेतलेला, वाद्याची पेटी फळीवर. मला कर्जाचे कागद वाचायची सवय. त्यामुळे मी त्यांना गाण्याबद्दल कमी आणि हिशेबाबद्दल जास्त विचारी. एकदा एका क्लॅरिनेटवाल्या मास्तरांना विचारलं, “मास्तर, रात्रीचे किती सुटले?” ते हसले. म्हणाले, “साहेब, सुटायचं काय? दिवाळीत उचल घेतली होती, ती फिटतेय. हिशेब हंगाम संपल्यावर मालक सांगेल तो.” मालकाबद्दल त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण इतका कसलेला वादक, आणि कालच्या रात्रीची आपली कमाई किती हे त्याला ठाऊक नाही, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही.

यातले फार थोडे वर्षभर वादक असतात. तुळशीचं लग्न झालं की यांचा हंगाम सुरू होतो आणि मृगाच्या आसपास संपतो. पुढे पावसाळ्यात हीच मंडळी लावणी करतात, गाण्यातली नव्हे, भाताची. गणपतीत आणि नवरात्रात पुन्हा थोडी कामं निघतात. मधल्या काळात कोणी स्टेशनबाहेर रिक्षा चालवतो, कोणी कारखान्यात रोजावर जातो, कोणी वीटभट्टीवर. बोटांत कला असली तरी पोटासाठी तीन-तीन धंदे करावे लागतात. त्यामुळे ‘आम्ही वादक कामगार आहोत’ असं एकत्र येऊन म्हणायला यांना सवड कधी मिळायची?

वाजवणाऱ्याला मोबदला द्यायच्या आपल्या रीती कशा बदलत गेल्या, ते पाहण्यासारखं आहे. गावगाड्यात वाजंत्री वाजवणं हे ठरावीक जातींच्या माथी मारलेलं काम होतं. सुगीला खळ्यावर धान्य मिळे, सणावाराला शिधा मिळे. वाजवायला ‘नाही’ म्हणण्याची मात्र सोय नव्हती. त्या बलुत्यातून माणूस सुटला आणि रोख पैसे मागू लागला, हे चांगलंच झालं. जुन्या पद्धतीबद्दल हळहळण्याचं कारण नाही.

मग आल्या नाटक मंडळ्या. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष यांच्यासारखे वादक होते. कंपनीचं बिऱ्हाड एकत्र, पंगत एकत्र. कंपनी कर्जात बुडाली तर सगळेच बुडणार, पण तोवर साथीदाराला आपलं ठिकाण माहीत होतं. बोलपट आले तेव्हा हीच रीत स्टुडिओंनी उचलली. १९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेलेली प्रभात फिल्म कंपनी हे त्याचं आपल्या घरचं उदाहरण. संगीत दिग्दर्शकापासून वादकापर्यंत माणसं कंपनीच्या नोकरीत असत आणि महिन्याच्या महिन्याला पगार घेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्टुडिओंची ही व्यवस्था मोडत गेली. स्वतंत्र निर्माते आले आणि वादकांचा महिन्याचा पगार गेला. त्याच्या जागी रेकॉर्डिंगच्या पाळीप्रमाणे, म्हणजे शिफ्टप्रमाणे पैसे आले. तरीही मुंबईच्या सिनेवादकांचे ते दिवस भरभराटीचे होते. एका गाण्याला पन्नास-साठ आणि कधी त्याहून अधिक वादक बसत. गोव्याहून आलेले, चर्चच्या शाळांमध्ये पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेले व्हायोलिन आणि ट्रम्पेटवाले त्यात पुष्कळ होते. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांनी त्या वाद्यवृंदांची बांधणी केली. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत मात्र त्यांची नावं क्वचित दिसत. ‘अमर अकबर अँथनी’ हा चित्रपट १९७७ साली आला. त्यातल्या एका गाण्यात प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूचं, गोन्साल्विसांचं नाव आणलं आणि ते देशभर झालं. पण ज्यांच्या तोंडी ते नाव बसलं, त्यातल्या किती जणांना तो खरोखरचा माणूस आहे हे माहीत होतं?

नाव नसलं तरी या वादकांनी एक शहाणपण केलं. १९५०च्या दशकात त्यांनी आपली संघटना बांधली. ती म्हणजे सिने म्युझिशियन्स असोसिएशन. वादकांच्या प्रती ठरल्या, पाळीचे दर ठरले, पाळी लांबली तर जादा पैसे ठरले. निर्माता कितीही मोठा असो, ठरल्या दराखाली वाजवायचं नाही. आपल्याकडे वादकानं ‘माझा भाव मी एकटा नाही, आम्ही सगळे मिळून ठरवू’ असं म्हटल्याचं हे ठळक उदाहरण आहे.

आणि तरीही पुढे काय झालं? १९८०च्या दशकात सिंथेसायझर आले. मग संगणक आला. वेगवेगळे वादक वेगवेगळ्या वेळी बोलावून, एकावर एक थर चढवून गाणं तयार होऊ लागलं. चाळीस व्हायोलिनांचा आवाज एका माणसाच्या दहा बोटांतून निघू लागला. संघटनेनं दर सांभाळला होता, आणि दर खरोखरच टिकला. पण तो दर घेणारी खुर्चीच स्टुडिओतून उचलली गेली. कोणी कोणाला कामावरून काढलं नाही, कारण नोकरीत कोणी नव्हतंच. फोन यायचे थांबले, इतकंच.

आमच्या शहापूर तालुक्यात तानसा, वैतरणा आणि भातसाची धरणं आहेत. आमच्याकडचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर टँकर फिरतात. गाण्याची वाट याच्या उलटी. ते मुंबईत तयार होतं आणि वाहत आमच्याकडे येतं. गाण्याबरोबर गाणं बनवायची तऱ्हाही आली. स्टुडिओत जे घडलं, तेच काही वर्षांनी आमच्या हळदीच्या मांडवात घडलं. आधी कीबोर्ड आला आणि अ‍ॅकॉर्डियन गेलं. मग इलेक्ट्रॉनिक पॅड आला आणि ताल धरणारे दोघे-तिघे गेले. ऑर्केस्ट्रात गायक तयार ‘ट्रॅक’वर गाऊ लागले आणि मागची वादकांची रांग विरळ झाली. शेवटी डीजे आला. गाडी, भिंतीएवढे स्पीकर आणि दोन-तीन माणसं. बेंजोवाल्यांची कहाणी २०१६ मध्ये रवी जाधव यांनी ‘बँजो’ या हिंदी चित्रपटात पडद्यावर आणली. पण पडद्यावरच्या कहाणीला शेवट असतो. आमच्याकडच्या पार्ट्यांचं असं एका दिवसात काही संपत नाही. दरवर्षी एकेक माणूस कमी होतो.

तो कसा कमी होतो, हे बँकेतल्या माणसाच्या पद्धतीनं मांडतो. आकडे उदाहरणापुरते धरा. समजा, तेहतीस हजारांची सुपारी आहे आणि वाजवणारे अकरा. टेम्पो-डिझेलचे सहा हजार, वाद्यं आणि साऊंडचे मालकाचे पाच हजार. राहिले बावीस. माणशी दोन हजार. आता लग्नघर म्हणतं, “डीजेवाला सत्तावीसमध्ये यायला तयार आहे, बोला!” मालक सत्तावीसवर उतरतो. डिझेल स्वस्त होत नाही, साऊंडचा हप्ता थांबत नाही. वाटायला उरतात सोळा हजार. अकरा जणांत वाटले तर माणशी जेमतेम साडेचौदाशे येतात. तेवढ्यावर चांगला वादक येणार नाही, हे मालकाला कळतं. मग तो काय करतो? आठच जणांना निरोप देतो. माणशी दोन हजार कायम! मजुरीत एका रुपयाची कपात नाही. तीन माणसं मात्र त्या रात्री घरी बसतात आणि त्यांना याचं कारणही कळत नाही. उरलेले आठ जण अकरांचं वाजवतात. लग्नघराला वाटतं, आपण सहा हजार वाचवले.

मालकाला यात खलनायक करण्यात अर्थ नाही. त्याच्या डोक्यावर कीबोर्डचं कर्ज असतं. वरात संपल्यावर ‘बाकीचे उद्या देतो’ म्हणणारा यजमान नंतर सापडत नाही. मंडपवाला सामान उचलून नेईल, केटरर जेवण थांबवेल. वाजून गेलेलं गाणं परत कसं नेणार? शिवाय रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा ध्वनिप्रदूषणाचा नियम २००० सालापासून आहे आणि तो योग्यच आहे. पण यजमान वरात दोन तास उशिरा काढतो आणि पोलीस आले की ‘वाजवलंच कुठे पूर्ण?’ म्हणून मालकाचे पैसे कापतो. नवरदेवावरून ओवाळलेल्या नोटा कोणाच्या, यावरूनही पार्टीत धुसफुस होते. ही सगळी भांडणं खरी आहेत. फक्त त्यांना बसायला कागद नाही, म्हणून ती भांडणं न राहता रुसवे होऊन जातात.

कागद असला म्हणजे काय होतं, हे पाहायला जरा दूर जावं लागेल. अमेरिकेतल्या मिनेसोटा ऑर्केस्ट्राच्या व्यवस्थापनानं २०१२ साली वादकांच्या पगारात सुमारे एक तृतीयांश कपात सुचवली. वादकांनी नकार दिला. जुना करार संपताच, १ ऑक्टोबर २०१२ रोजी, व्यवस्थापनानं टाळेबंदी जाहीर केली. गिरणी कामगारांच्या महाराष्ट्राला हा शब्द समजावून सांगायला नको. ती टाळेबंदी पंधरा महिने चालली. वादकांनी स्वतःच मैफली भरवल्या. संगीत संचालक ओस्मो व्हॅन्स्का यांनी राजीनामा दिला. शहरातले श्रोते संघटित झाले आणि वादकांच्या बाजूनं बोलू लागले. जानेवारी २०१४ मध्ये तडजोड झाली तेव्हा कपात पंधरा टक्क्यांवर आली होती, आणि पुढे व्हॅन्स्काही परतले. वादक जिंकले असं म्हणता येणार नाही. पण कपात किती, कोणी केली, का केली, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. कापायला आधी एक ठरलेला पगार होता, आणि तो कागदावर होता. आमच्या क्लॅरिनेट मास्तरांच्या मजुरीत कोणी कपात सुचवूच शकत नाही, कारण ती किती आहे हे कुठे लिहिलेलंच नाही.

यंत्र वादकाच्या पोटावर येतं, ही तक्रारही आजची नाही. १९४२ च्या ऑगस्टपासून अमेरिकेतल्या वादक संघटनेनं ध्वनिमुद्रिकांसाठी वाजवायचंच बंद केलं. रेकॉर्डवर एकदा वाजवायचं आणि मग तीच रेकॉर्ड हॉटेलात, रेडिओवर वाजून आपलंच काम खाणार, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी रेकॉर्डवर बंदी मागितली नाही. विक्रीतला थोडा वाटा वादकांच्या निधीत टाका, एवढंच मागितलं. मोठ्या कंपन्या दोन वर्षांहून अधिक काळ अडून बसल्या, पण १९४४ अखेर त्यांनी ते मान्य केलं. यंत्र थांबलं नाही आणि थांबायचंही नव्हतं. यंत्रानं वाचवलेल्या पैशात माणसाचा वाटा ठरला.

एवढ्या लांब नको म्हणाल, तर मुरबाडवरून माळशेज घाट चढून पलीकडे जा. जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव हे तमाशाच्या सुपाऱ्यांचं मोठं ठिकाण. गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या तिथे लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या येऊन खेळ ठरवतात. तिथेही कलावंत हंगामाआधी उचल घेतो आणि नाचून, वाजवून ती फेडतो. आमच्याकडे वीटभट्टीवर जाणारा कातकरीही अशीच उचल घेतो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झाली, आणि उचलीचा हिशेब एकाच वहीत राहिला की माणूस किती लवकर बांधला जातो, याचा अनुभव या भागाला आहे. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशभरच्या टाळेबंदीचा तोच पहिला दिवस. नारायणगावच्या राहुट्या, आमच्याकडचे चैत्र-वैशाखातले लग्नाचे मुहूर्त, सगळं एका फटक्यात गेलं. उचल मात्र अंगावर राहिली. कार्यक्रम रद्द झाला तर विसार कोणाचा आणि वाजवणाऱ्याला त्यातलं काय, हे आधी कोणी ठरवलं नव्हतं. तेव्हा ज्याच्या हाती पैसे होते त्याच्याकडे ते राहिले, आणि वाजवणाऱ्याच्या हाती काहीच नव्हतं.

कायदा काय म्हणतो? चित्रपटात वाजवणाऱ्या वादकाशी लेखी करार केला पाहिजे, असं १९८१ च्या सिनेकामगार कायद्यानं सांगितलं. आता ती तरतूद नव्या कामगार संहितेत गेली आहे. लग्नातला वादक तिच्यात बसत नाही. गंमत म्हणजे आपल्या कॉपीराइट कायद्यात वराती’चा उल्लेख आहे. कलम ५२ सांगतं, की लग्नाच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या इतर समारंभांत गाणं वाजवलं तर हक्कभंग होत नाही. म्हणजे वरातीत वाजणाऱ्या गाण्याची काळजी कायद्यानं वाहिली आहे. ते वाजवणाऱ्या माणसाची वाहायची राहून गेली. असंघटित कामगार म्हणून ‘ई-श्रम’वर त्याला नाव नोंदवता येतं, तेवढी सोय २०२१ पासून झाली आहे. ते कार्ड अवश्य काढावं. पण कालच्या रात्रीचे पैसे ते कार्ड मिळवून देणार नाही.

मग उपाय काय? संघटना हवी, हे खरंच. पण भातलावणी, रिक्षा आणि कारखाना सांभाळून वाजवणाऱ्यांची संघटना उद्या उभी राहणार नाही. कागद मात्र उद्या होऊ शकतो. त्याला वकील लागत नाही. पाच ओळी पुरतात. किती वादक येणार. किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत वाजवणार. उशीर यजमानाकडून झाला तर जादा काय. कार्यक्रम रद्द झाला तर विसारातलं वादकांना काय. उरलेली रक्कम वरात निघण्यापूर्वी द्यायची. याखाली यजमानाची आणि मालकाची सही. आणि मालकानं आपल्या प्रत्येक वादकाला एक छोटी वही द्यावी. तारीख, मजुरी, उचलीतून वजा किती, हातात किती. बँकेचं पासबुक आपण विश्वास नाही म्हणून बाळगत नाही. विश्वास टिकावा म्हणून बाळगतो.

यावर काही मालक म्हणतील, असं लिहायला लागलो तर गिऱ्हाईक डीजेकडे जाईल. काही जाईलही. पण जो यजमान अकरा माणसांचे पैसे मोजतो आणि आठ पाहतो, त्यालाही आपण फसलो असं वाटतं, आणि पुढच्या लग्नाला तो डीजेच सांगतो. वादकांची संख्या कागदावर असली तर मालकाला ‘एवढ्यात आठच येतील’ असं तोंडावर म्हणता येतं. घासाघीस मग नुसत्या आकड्यावर होत नाही, माणसांवर होते. आणि मांडवात आलेल्या माणसाला उपाशी पाठवणं जसं आपल्याकडे कोणाला जमत नाही, तसं तीन माणसांना समोरासमोर घरी बसवणंही सोपं जात नाही.

मिनेसोटात कपात सुचवली ती संचालक मंडळानं. आमच्याकडच्या ऑर्केस्ट्राचं संचालक मंडळ म्हणजे कोण? तो मुलाचा मामा, तो मुलीचा काका, ती यात्रा कमिटी, ते गणेशोत्सव मंडळ. म्हणजे रविवारी सकाळी ही पुरवणी वाचणारे तुम्ही आणि मी. वर्षातून एखाद्या रात्रीपुरते का होईना, आपण वादकांचे मालक होतो, आणि त्या रात्रीपुरता त्यांच्या मजुरीचा निर्णय आपल्या हातात असतो. येत्या तुळशीच्या लग्नानंतर सुपारी द्यायला जाल तेव्हा डायरीतल्या रकमेशेजारी माणसांचा आकडाही लिहून घ्या. शाई काही फार लागत नाही.